लिहून कोणी घेतलं?



आज बचतीचं बोलायचं नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज अभंगांचं आणि ओव्यांचं बोलू. पण सुरुवात गटाच्या बैठकीपासूनच करते, कारण गोष्ट तिथंच घडली.

पाऊस लांबला होता, त्या दिवसांतली एका गटाची बैठक. बचत गोळा झाली, दोघींची परतफेड आली, इतिवृत्ताच्या वहीत सह्या झाल्या. सगळ्या उठायच्या बेतात असताना एक ताई घुटमळल्या. चाळिशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, एरवी बैठकीत फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "मी थोडं लिहिलंय. म्हणून दाखवू का?" रान कोरडं पडलेलं, बियाणं घरात येऊन पडलेलं, आणि घरधनी रोज सकाळी आभाळाकडे बघतोय, अशा दहा-बारा ओळी होत्या. तिसऱ्या ओळीला मागून कुणी तरी म्हणालं, "आता टीव्हीवर जाणार का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ताईंनी कागदाची घडी घातली आणि बसल्या. पुढच्या बैठकीत मी त्यांना कागदाचं विचारलं, तर म्हणाल्या, "चुलीत घातला, ताई."

त्या दिवसाचं इतिवृत्त मी नंतर काढून बघितलं. जमा किती, कर्ज किती, हातात शिल्लक किती, सगळं पैशापैशाला जुळलेलं. कवितेची नोंद कुठंच नाही.

तो चुलीत गेलेला कागद माझ्या डोक्यातून जाईना. मग मी शोधायला लागले. आपल्यासारखीच राबून खाणारी माणसं पूर्वी कविता करायची, तेव्हा त्यांना ऐकत कोण होतं? लिहून कोण घेत होतं? याचं उत्तर मला दूर कुठं जाऊन शोधावं लागलं नाही. ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरला मिळालं.

सुमारे सातशे वर्षांपूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात जी मंडळी जमायची, त्यांची नावं आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. पण एकदा ती नावं त्यांच्या कामासकट म्हणून बघा. नामदेव शिंपी. गोरोबा कुंभार, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे. सावतोबा माळी, आपल्या माढा तालुक्यातल्या अरणचे. नरहरी सोनार, पंढरपूरचेच. चोखोबा मंगळवेढ्याचे, गावकुसाबाहेर राहणारे आणि गाव सांगेल ती कामं करणारे. आणि जनाबाई, गंगाखेडहून लहानपणीच नामदेवांच्या घरी आलेली, तिथं दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं करणारी. यांतल्या कुणाचंही पोट कवितेवर चालत नव्हतं. कुणाला राजाचा आश्रय नव्हता. विद्वानांचा कारभार संस्कृतात चालायचा, आणि ही माणसं मळ्यात, चाकावर, जात्यावर बसून मराठीत अभंग करत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळे हौशी कवी. आपण त्यांना संत म्हणून हात जोडतो, ते बरोबरच आहे. पण हात जोडताना एक गोष्ट नजरेतून सुटते. ही माणसं एकमेकांची पहिली ऐकणारी होती.

ती एकमेकांना कशी धरून होती, हे त्यांच्या अभंगांतच दिसतं. एकाच्या अभंगात दुसऱ्याचं नाव येतं. जनाबाईंचा तो अभंग आठवा, ज्यात विठोबाला त्यांनी लेकरांनी वेढलेल्या आईसारखं केलं आहे. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे चालतोय, मुक्ताई मागे, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, नामदेव करंगळी धरून, आणि चोखोबा तर जिवाशीच. सगळ्या हरिपाठाच्या बायांना हा अभंग येतो. मला तो म्हणताना गटाचं हजेरीपत्रक आठवतं. घरकाम करणाऱ्या एका बाईनं आपल्या वेळच्या कवींची हजेरी घेतली आणि कुणालाही गैरहजर ठेवलं नाही. ज्या चोखोबांना देवळाच्या दारात उभं राहू देत नव्हते, त्यांना तिनं सगळ्यांत जवळची जागा दिली.

आता कुणी म्हणेल, एकमेकांना चांगलं म्हणणं सोपं असतं. नुसत्या वाहव्वानं कविता सुधारते का? तर ही मंडळी नुसती वाहव्वा करणारी नव्हती. गोरोबांच्या घरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताईनं कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आमचीही मडकी तपासा की. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. आणि गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

नामदेव तोपर्यंत विठ्ठलाचे लाडके म्हणून नावाजलेले होते. चारचौघांत असं ऐकून घेतलं, ते रडत देवळात गेले असं कथा सांगते. पण पुढचं महत्त्वाचं. त्यांनी मेळा सोडला नाही आणि अभंग करणंही सोडलं नाही. विसोबा खेचरांना गुरू केलं आणि परत याच माणसांत येऊन बसले. मुक्ताई तेव्हा वयानं सगळ्यांत धाकटी होती, आणि मुलगी होती. तिचं बोलणं कुणी उडवून लावलं नाही.

आमच्या बैठकीतलं हसणं आणि गोरोबांचं थापटणं यांत मला फरक दिसतो. कुंभार मडकं थापटताना दुसरा हात आतून देतो. आम्ही आतला हात दिला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. लिहून कोणी घेतलं?

याचं उत्तर देणारा एक अभंग जनाबाईंच्या नावावर आहे. तो फारसा गायला जात नाही, कारण त्यात गोडवा कमी आणि माहिती जास्त आहे. कुणाचं बोलणं कुणी लिहिलं, याची ती यादी आहे. ज्ञानेश्वरांचे अभंग चिदानंद बाबांनी लिहिले. निवृत्तींचे सोपानानं. मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, म्हणजे थोरल्या भावानं धाकट्या बहिणीचे शब्द लिहून घेतले. सावतोबांचे काशिबा गुरवांनी. चोखोबांचे अनंतभटांनी. अशी एकेक जोडी.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. सावतोबांचंच बघा. अरणच्या मळ्यात मोट आणि विहीर, कांदा आणि मुळा, लसूण आणि मिरची यांत रमलेला माणूस. त्यांच्या नावावर आज सदतीस अभंग मिळतात, असं सांगतात. काशिबा गुरवांच्या मनात आलं असतं, माळ्याचं बोलणं काय लिहायचं, तर ते सदतीसही राहिले नसते. आणि चोखोबा-अनंतभटांची जोडी तर विचार करायला लावणारी आहे. ज्यांची सावली पडली तरी विटाळ मानायचे, त्या माणसापुढे एक भट लेखणी घेऊन बसतो आणि तो बोलेल ते उतरवून घेतो. अनंतभटांनी स्वतः काय लिहिलं ते आज कुणी म्हणत नाही. चोखोबांचे अभंग मात्र सातशे वर्षं गावोगाव चालू आहेत. यात वाटा दोघांचा आहे.

या यादीच्या शेवटी जनाबाई स्वतःचं सांगतात. आपले अभंग लिहिणारा पांडुरंग आहे, असं त्या म्हणतात. याकडे भक्तीनं बघितलं तर याहून मोठा मान नाही. देवानं लेखणी धरली! कीर्तनात हाच अर्थ सांगतात आणि तो ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण मी गटागटांत फिरणारी बाई आहे, म्हणून मला यात आणखी एक अर्थ दिसतो. ज्ञानेश्वरांना लिहिणारा होता, सावतोबांना होता, चोखोबांनाही होता. मोलकरणीपुढे कोण बसणार? पहाटे दळताना जे सुचलं ते कुणाला सांगणार? माणूस मिळालं नाही, तेव्हा तिनं ते काम देवाला लावलं. आजही आपल्याकडे ज्या बाईचं ऐकायला कुणी नसतं, ती देव्हाऱ्यापुढेच बोलत बसते की नाही?

तरीही जनाबाई एकट्या नव्हत्या. सुमारे साडेतीनशे अभंग त्यांच्या नावावर आहेत आणि ते नामदेवांच्या गाथ्यातच आपल्यापर्यंत आले. त्या स्वतःला नामयाची जनी म्हणवून घेतात. नामदेवांचं घरच असं होतं, की तिथं सगळेच अभंग करायचे. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, सून लाडाई, यांच्या नावावरही अभंग आहेत. राजाईंच्या अभंगांत तर नवऱ्याबद्दलची तक्रार आहे. हा माणूस देवापायी संसाराकडे बघत नाही, घरात खायला नाही. ती तक्रारसुद्धा गाथ्यात राहिली, कुणी खोडली नाही. बाईनं देवाचं गोड बोललं तरच लिहायचं, घरातलं बोलली तर झाकायचं, असा नियम तिथं नव्हता.

असंच दुसरं घर मंगळवेढ्याचं. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटर, ज्वारीचं कोठार म्हणून आपण ज्या मंगळवेढ्याला ओळखतो तेच. चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. एका झोपडीच्या नात्यातले पाच कवी. सोयराबाईंचे साठेक अभंग आज मिळतात. त्यांतला एक प्रश्न तर बाईनंच विचारावा असा आहे. देहात विटाळ आहे म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला देह कुठं आहे ते दाखवा. चौदाव्या शतकात, गावकुसाबाहेरच्या बाईनं विचारलेला हा प्रश्न. पाळीच्या चार दिवसांत आपल्यातल्या किती जणींना अजून बाजूला बसवतात, ते आठवा. म्हणजे हा प्रश्न अजून जुना झालेला नाही, हे कळेल.

आणि निर्मळा. आपल्या ओव्यांत नणंद म्हटलं की टोमणे मारणारी. इथली नणंद वेगळी आहे. सोयराबाईंचे दिवस भरलेले असताना चोखोबा न सांगता बहिणीकडे निघून गेले, तेव्हा निर्मळेनं भावालाच बोल लावला, अशी कथा आहे. तिकडे सोयराबाईंच्या बाळंतपणाला देव धावला, तो निर्मळेचंच रूप घेऊन. त्या काळच्या बाईला देव कसा दिसावा असं वाटलं? वेळेला धावून आलेल्या नणंदेसारखा.

जनाबाईंच्या त्या यादीत सोयराबाईंचं लिहून घेणाऱ्याचं नाव नाही. निर्मळेचंही नाही. पण अभंग आहेत. म्हणजे कुणी तरी ऐकले, पाठ केले, दुसऱ्याला शिकवले. तोंडातून तोंडात येताना काही शब्द बदलले असतील, पण खाली नाव तेच राहिलं. अभंगाच्या शेवटी नाव घालायची ही रीत फार शहाणपणाची होती. कागद नसला तरी नाव गाण्यालाच गाठ मारून बांधलेलं.

१३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि कामावरची माणसं गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. नामदेव तिथं गेले, चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला दारात येऊ दिलं नाही, त्याला कवी मित्रानं दारासमोर कायमची जागा मिळवून दिली. नामदेवांची पायरीही तिथंच आहे. दार मात्र त्यानंतर सहाशे वर्षं बंदच होतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिर सगळ्यांना उघडलं. चोखोबांचे अभंग त्याच्या कितीतरी आधी, वारकऱ्यांच्या तोंडून, आत पोचले होते.

लिहून घेतल्यानं शब्द किती लांब जातात, याचंही उदाहरण याच मेळ्यातलं आहे. नामदेव पुढे पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांचा ग्रंथ सिद्ध करवला, भाई गुरुदासांनी तो हातानं लिहिला. त्यात नामदेवांची एकसष्ट पदं घेतली. पंढरपूरच्या शिंप्याचे शब्द आज जगभरच्या गुरुद्वारांत वाचले जातात. इकडे महाराष्ट्रात त्याच शतकात तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे होते. ते तेली होते.

हे झालं संतांचं. पण आपल्या आज्या-पणज्या तर संत नव्हत्या. त्यांचं काय?

त्यांचं वाळवंट म्हणजे जातं. जातं एकटीनं ओढता येतं, पण दोघी असल्या की हलकं जातं. समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघींचे हात, एकीनं दुसऱ्या हातानं वैरण घालायची. एकीनं ओवी सुरू केली की दुसरी ती झेलायची, तिच्यात आपली भर घालायची. पहिली देवाला, मग आई-बापाला, भावाला, माहेरच्या वाटेला, आणि मग हळूच सासरच्या जाचाला. जे घरात बोलता येत नव्हतं ते जात्याच्या घरघरीत बोलता यायचं. समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण हीच ऐकणारी, आणि तीच पुढची ओवी रचणारी. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं जातं आजही दाखवतात, आणि वारीला गेलेल्या बाया त्याला हात लावल्याशिवाय परतत नाहीत. त्यांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग पिठाची गिरणी आली. बायांच्या खांद्याचं ओझं गेलं, ते चांगलंच झालं, कुणी म्हणू नये की पुन्हा जातं ओढा. पण जात्याबरोबर ती समोरासमोरची बैठकही उठली. ओव्या ज्यांच्या तोंडात होत्या त्यांच्या तोंडातच राहिल्या.

काही माणसांना हे वेळेत कळलं. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतून बायकांच्या गाण्यांचे खंडच्या खंड काढले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइतवँ यांनी तर गावोगावच्या बायांना बरोबर घेऊन हे काम केलं. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहिल्या गेल्या, काही आवाजासकट जपल्या, आणि प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं. एक लाख! आपल्या आज्यांकडे केवढं भांडार होतं, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

शहरातल्या शिकलेल्या कवींनाही ऐकणारं लागतंच. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशी मंडळी. जमायचं, चहा घ्यायचा, आपापल्या कविता वाचून दाखवायच्या, एकमेकांचं ऐकायचं, आणि पुस्तकही मिळून काढायचं. या मंडळातल्या एकमेव बाई म्हणजे मनोरमा रानडे. त्यांचे पती श्रीधर रानडेही मंडळात होते. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मधून अशा कवींची भरपूर टर उडवली. तरी कवी लिहित राहिले, कारण दर बैठकीला ऐकणारे मित्र हजर होते. हसणारे बाहेर असले तर चालतं. ते आपल्याच बैठकीत बसले तर कागद चुलीत जातो.

आणि बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्याच्या, १८८० साली जन्मलेल्या. शाळेचं तोंड न बघितलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, आयुष्यभर शेतात आणि घरात राबलेल्या. काम करता करता गाणं ओठांवर यायचं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्यानं आणि एका नात्यातल्या मुलानं जमेल तशी ती गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली. टर उडवणारे हेच अत्रे, पण ही गाणी ऐकून त्यांनी ती छापायचा आग्रहच धरला, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. पण त्या पुस्तकात किती कविता होत्या? जेमतेम पस्तीस. सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पस्तीस. बाकीची बरीचशी गाणी ज्या दिवशी सुचली त्याच दिवशी वाऱ्यावर गेली, कारण त्या वेळी शेजारी पेन्सिल घेतलेलं कुणी नव्हतं.

आणखी एक सांगते. ती गाणी बहिणाबाईंच्या बोलीतच छापली. कुणी ती पुस्तकी मराठीत बदलली असती, तर त्यांचा जीवच गेला असता.

मैत्रिणींनो, आपण गटवाल्या बाया लिहिण्यात कच्च्या नाही. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? लेखे व्यवस्थित ठेवणं. अंगठा लावणारी बाईसुद्धा आपल्या पासबुकातला आकडा बरोबर सांगते. पंधरा वर्षांपूर्वी कुठल्या बैठकीत कुणी शेळीसाठी किती उचलले, हे आपण काढून दाखवू शकतो. मग त्याच बाईच्या तोंडातलं गाणं आपल्या वहीत का नसावं? आमच्या एका गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी गेल्या, तेव्हा त्यांची बचत शेवटच्या रुपयापर्यंत वारसाला दिली. वही चोख होती. डोहाळजेवणाला, हळदीला त्यांना गाडी पाठवून बोलवून न्यायचे, एवढ्या ओव्या त्यांना यायच्या. त्यांतली एकही आज कुणाकडे पुरी नाही. सुनेला दोन ओळी आठवतात, नातीला एक.

म्हणून आता आम्ही काही गटांत एक रीत पाडायला सुरुवात केली आहे. बैठकीचा हिशेब पुरा झाला की दहा मिनिटं ठेवायची. ज्या बाईला म्हणायचंय तिनं म्हणायचं. स्वतःचं असो, आजीकडून आलेलं असो. मध्ये कुणी बोलायचं नाही. जिला लिहिता येतं तिनं लिहायचं, आणि बाई जशी बोलली तसंच लिहायचं, शुद्ध करत बसायचं नाही. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख. उणं सांगायचं असेल तर ओळीवर बोट ठेवून सांगायचं, बाईवर नाही. आणि तिला विचारल्याशिवाय मोबाइलवर पुढे पाठवायचं नाही, कारण काही ओव्या फक्त समोर बसलेलीसाठी असतात. सासरचं बोललेलं सासरी पोचलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. यासाठी वेगळी वही घेतली आहे. शंभर पानी, वीस-पंचवीस रुपयांची.

ती वही घेऊन मी त्या ताईंच्या घरी गेले होते. आधी म्हणाले, "त्या दिवशी मी हसले, चुकलं माझं." त्या भाकरी थापत होत्या. काही बोलल्या नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग म्हणाल्या, "बघते, काही आठवतंय का."

बारांतल्या चार ओळी आठवल्या. मी त्या चुलीजवळ बसून लिहून घेतल्या, वाचून दाखवल्या. एक शब्द मी चुकीचा ऐकला होता, तो त्यांनी दुरुस्त करायला लावला. खाली त्यांचं नाव लिहिलं, तारीख घातली. बाकीच्या आठ ओळी आता नाहीत.

पण त्या दिवसापासून वही त्यांच्याकडेच आहे. पुढच्या बैठकीला त्या घेऊन येणार आहेत.